कडक भाकरी एक्स्पोर्ट करताना

कडक भाकरीचं एक बरं असतं. नीट वाळली की कितीही दिवस ठेवा, तिला काही होत नाही. आमच्या युनिटमधले किस्सेही तसेच डब्यात पडून आहेत. पाहुणा आला की एक काढायचा, मोडायचा, वाटायचा. डबा काही रिकामा होत नाही, कारण हॉलंडहून नवीन ईमेल आलेलाच असतो!

युनिट म्हणजे जळकोटला हायवेच्या कडेचं पत्र्याचं लांब शेड. गावातल्या बायका तिथं ज्वारीच्या भाकरी थापतात, भाजतात, वाळवतात आणि त्या भाकरी विमानाबिमानानं हॉलंडला जातात. अध्यक्ष शोभाकाकू. मी एम.कॉम. आणि मला इंग्रजी येतं, म्हणून मी एक्स्पोर्ट मॅनेजर. माझ्याकडं व्हिजिटिंग कार्ड आहे. पासपोर्ट नाही.

दोन वर्षांची माझी लेक ओवी कडेवर, कानात हेडफोन आणि डोक्यात कायमची धास्ती, की आज आपल्यामुळं काहीतरी बिघडणार. कारण आमचं गिऱ्हाईक एकच, हान्नेके नावाच्या बाई. त्यांनी एकदा 'नको' म्हटलं की शेडला कुलूप!

*

पहिलाच व्हिडिओ कॉल. हान्नेकेंना गोड बोलायची सवय नाही. नमस्कार झाला न झाला तोच त्यांनी सॅम्पलची भाकरी कॅमेऱ्यापुढं धरली. "ही मला आवडली नाही. कडा जळल्या आहेत."

काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणत्यात?"

"छान आहे म्हणतात. कडेला जरा लक्ष द्या म्हणतात."

"छान म्हणताना तोंड असं करत्यात व्हय?" काकू सरसावून बसल्या आणि थेट स्क्रीनकडं बघून सुटल्या, "चुलीपुढं बसा म्हणावं एकदा. धुरानं डोळं भरलं की कड न्हाय दिसत आन् बिड न्हाय दिसत. आन् जळक्या कडंसाठी आमची लेकरं भांडत्यात म्हणावं, भांडत्यात!"

मी हान्नेकेंना सांगितलं, "त्या थँक यू म्हणतात."

हान्नेकेंनी विचारलं, "एवढं सगळं म्हणजे फक्त थँक यू?"

"मराठीत थँक यू लांब असतं," मी म्हटलं.

*

मग साईजचं प्रकरण. हान्नेकेंना सगळ्या भाकरी एका मापाच्या हव्यात, पाकिटात बसायला. आता आमच्या बायकांचे हात एका मापाचे नाहीत, तर भाकरी कुठून व्हायच्या? शेवटी काकूंनी तोड काढली. तव्यावरून उतरलेली भाकरी मऊ असतानाच तिच्यावर स्टीलची ताटली उपडी ठेवायची आणि बाहेर आलेली कड कापून टाकायची. कडा काकूंच्या शेळ्यांना.

थोड्याच दिवसांत तिकडून प्रश्नावली आली. त्यात एक प्रश्न, 'कचरा व्यवस्थापनाची आपली यंत्रणा कोणती?' मी खूप विचार केला. इंटरनेटवर मोठमोठे शब्द शोधले. मग हिंमत खचली आणि खरं तेच लिहिलं: शेळ्या.

पाठवलं आणि मी कपाळाला हात लावला. एवढं शिकून आपण परदेशात शेळ्या पाठवल्या! पण उत्तर आलं, 'उत्तम! यंत्रणेचा फोटो पाठवा.'

काकूंनी त्यातल्या त्यात देखण्या शेळीला आंघोळ घातली, शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरू बांधलं. फोटो गेला. पुढचा प्रश्न आला, 'यंत्रणेची क्षमता किती?'

काकू म्हणाल्या, "आजून दोन प्रश्न विचारले तर तुमचा कागूद बी खाईल म्हणावं!"

*

हान्नेके बुधवारी काम करत नाहीत. त्या दिवशी ईमेल केला की आपोआप उत्तर येतं, 'बुधवारी मी माझ्या मुलांची असते.'

ते वाचून मला भरूनच आलं. इथं ओवी पिठाच्या पोत्यावर झोपते आणि मी लॅपटॉपवर टकटक करते. आई म्हणून आपण काठावर तरी पास आहोत का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मी काकूंना ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं.

काकू म्हणाल्या, "मग बाकीचे दिवस पोरं कुणाची असत्यात?"

पण लगेच मायेनं म्हणाल्या, "तू बी घे की बुधवार. काय अडतंय?"

मी घेतला. सकाळी मोठ्या थाटात सासूबाईंना म्हटलं, "आई, आता बुधवारी मी घरी. ओवीला मीच बघणार. हॉलंडला अशीच पद्धत आहे."

सासूबाईंनी लगेच पिशवी भरली, चपला घातल्या. "बरं झालं बाई. तुळजापूरला बहिणीकडं जाऊन येते."

"अहो पण येणार कधी?"

"गुरुवारी. हॉलंडच्या सासवा काय बुधवारी भांडी घासत बसत असत्याल व्हय?"

*

एकदा हान्नेकेंनी प्रेमानं घरचा फोटो पाठवला. त्यांची दोन गोरीपान मुलं टेबलाशी बसून आमची कडक भाकरी खाताहेत. मी फोटो मोठा करून बघितला आणि काकूंना दाखवावा की नाही या विचारात पडले. भाकरीवर लोण्याचा थर होता आणि त्यावर चॉकलेटचे दाणे पेरले होते!

सगळ्या बायका जमल्या. फोटो हातोहात फिरला. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मधोमध उघडा होता, तोसुद्धा जरा बावरल्यासारखा दिसत होता.

शेवटी काकू म्हणाल्या, "जाऊ द्या. बारकी हायत. कुणी शिकवलंच न्हाय त्यास्नी."

विषय संपला असता. पण ओवीनं फोटो पाहिला होता. संध्याकाळपासून चटणी तोंडाला लावीना. भाकरी पुढं केली की म्हणे, "चॉकलेत!" हळूहळू शेडमधल्या सगळ्या पोरांनी तेच धरलं.

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एक्स्पोर्ट मॅनेजर बाई, हे इम्पोर्ट कुणी केलं?"

*

आणि आता डिर्कसाहेबांचं सांगते.

आमची ज्वारी सेंद्रिय असल्याचा दाखला आहे. नवा करार व्हायचा तो त्या दाखल्यावर. शेतात फवारणी दिसली की दाखला रद्द, करार रद्द, शेड बंद. ते तपासायला हान्नेकेंनी तिकडचे तपासनीस धाडले, ते हे डिर्कसाहेब. तारीख तिकडूनच ठरून आली. आणि आली ती नेमकी येळवसेची!

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुणी सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पूजा करायची, भज्जी म्हणजे शेंगा-भाज्यांची मिसळ भाजी आणि बाजरीचे उंडे खायचे, ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबिल प्यायची. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचं.

शेडला कुलूप, म्हणून साहेबांना थेट काकूंच्या शेतात नेलं. साहेब उंच, गंभीर. बॅगेत स्वतःची पाण्याची बाटली आणि सँडविच. आल्या आल्या म्हणाले, "मी तपासणीच्या ठिकाणी पाहुणचार घेत नाही. चहासुद्धा नाही. नियम आहे."

काकूंचा चेहराच पडला. "येळवसेला शेतात आलेला माणूस उपाशी जाणार? मला गावात तोंड दाखवायचंय!"

तेवढ्यात काकूंचे मालक, अण्णा, आंबिलीचं मडकं घेऊन उठले. रीतच आहे, पिकाच्या कडेनं ओरडत पळायचं आणि आंबिल शिंपडत जायची. अण्णा पळाले. पांढरं पाणी सपासप ज्वारीवर!

साहेब ताडकन उठले. "फवारणी!"

मी धावत पुढं झाले. "नाही सर, ती आंबिल आहे."

"कोणत्या कंपनीची?"

"कंपनीची नाही. घरी केलेली."

"रसायन घरी करता?" साहेबांनी पेन काढलं.

शेजारच्या शेतातही एकजण मडकं घेऊन पळत होता. त्याच्या पलीकडच्या शेतातही. नजर जाईल तिथवर माणसं ओरडत होती, पळत होती, शिंपडत होती. साहेबांचा आवाज खाली आला. "सगळा जिल्हा?"

मी मान हलवली.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं. गोड करून सांगायचं त्राणच नव्हतं. "हे औषध आहे म्हणतात. करार गेला, काकू."

काकूंनी तांब्या भरला आणि उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला. साहेब ढिम्म. मग काकूंनी माझ्या कडेवरच्या ओवीला पेलाभर पाजली.

"बाळाला देताहेत!" साहेब ओरडले.

"ईख असतं तर लेकराला पाजलं असतं व्हय?" काकू कडाडल्या. "पाहुणचार नगं तर नगं. नमुना घ्या म्हणावं, नमुना! तपासायला आल्यात न्हवं?"

मी घाबरत सांगितलं, "सर, हे जेवण नाही. नमुना आहे."

साहेबांनी बराच विचार केला. नमुना घेणं नियमात बसत होतं. त्यांनी वाटी घेतली, वास घेतला, घोटभर तोंडात धरला. अण्णा मडकं हातात धरून तसेच थबकले.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही," साहेब म्हणाले.

काकूंनी तांब्या भरला.

मग शेजारच्या शेतातला नमुना झाला. त्याच्या पलीकडचा झाला. फवारणीच्या परिसरातले पदार्थ म्हणून भज्जीचा झाला, उंड्यांचा झाला. ऊन डोक्यावरून कललं तेव्हा साहेब कोपीच्या सावलीत घोरत पडले होते, सँडविच गुंडाळलेलंच उशाशी. ओवी त्यांच्या बॅगेला टेकून झोपलेली.

चार वाजता ते उठले. शर्टाला चिकटलेला कडबा झटकला, कॉलर नीट केली, पेन काढलं. काकू, अण्णा, मी, सगळे रांगेत उभे. मी देवाचं नाव घ्यायला लागले, तर एकही नाव आठवेना.

"मॅडम," साहेब अगदी अधिकृत आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी ही फवारणी किती तारखेला आहे?"