चष्म्याची दांडी

पॉवर बँक म्हणजे मोबाइलला पाजायची खिशातली वीज. या कारखान्यात ती कोरी, पांढरी येई. पेंटरीणबाई तिच्यावर चित्र काढी, खाली चार शहाणपणाचे शब्द लिही : पाणी वाचवा, मुलीला शिकवा, झाड तोडू नका. मावशी त्यावर वॉर्निशचे दोन हात मारी. लोकांची समाजसेवाही झाली आणि मोबाइलही चालू राहिला. एका दगडात दोन पक्षी.

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे गुपित जगात एकट्या पेंटरीणबाईला ठाऊक होतं. बारा वर्षं दोघी एकाच बाकावर बसत. कुणी कागद पुढे केला की मावशी दोऱ्याने बांधलेल्या दांडीचा चष्मा नाकावर चढवायची, "नंबर बदललाय मेला," म्हणायची आणि कागद मैत्रिणीकडे सरकवायची. मैत्रीण हळूच वाचून दाखवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! कारखाना तर मावशीला चांगली शिकलेली समजायचा.

त्या दिवशी नव्या चित्रांचा ट्रे आला. चित्रात एक म्हातारी पेपर धरून बसलेली, आणि तिच्या चष्म्याची एक दांडी लाल दोऱ्याने बांधलेली.

"अगं, ही मी की काय?" मावशी हरखली. "खाली काय लिहिलंयस?"

"मोठ्यांना आधार द्या," पेंटरीणबाई ब्रश धुता धुता म्हणाली. "तुझ्यावरूनच सुचलं."

मावशीला इतका आनंद झाला की तिने सगळ्या दोनशे नगांवर वॉर्निशचा तिसरा हात मारला. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यावरून कुणाला काही सुचावं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुपारी मावशी ट्रे घेऊन खोकी भरणाऱ्या काकांकडे गेली. खोक्यावर चिकटवायची चिठ्ठी चित्राशी जुळते का ते बघायला काका प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. त्यांनी वाचलं, "अंगठाबहाद्दर राहू नका, अक्षर शिका!" आणि खो खो हसले. "बघा हो मावशी, बाईनं पेपर उलटा धरलाय! आणि हा चष्मा..." त्यांची नजर मावशीच्या नाकावर आली आणि हसू तिथेच थांबलं.

मावशीच्या कानशिलांत आग पेटली. ती तरातरा बाकाशी गेली. "केसानं गळा कापलास गं माझा!"

"तुझं नाव कुठे घातलंय मी?" पेंटरीणबाई म्हणाली. "लोकांना चार गोष्टी कळाव्यात म्हणून काढलंय. समाजाचं काम आहे हे."

"समाजाला सांग ना, खुशाल सांग. मला खोटं का वाचून दाखवलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून."

एवढंच म्हणून बया पुन्हा रंग कालवायला लागली. पण मावशीला चित्रापेक्षा हे उत्तर जास्त लागलं. वाईट वाटू नये म्हणून हिने आज खोटं वाचलं, मग आजवर काय काय वाचलं असेल? घर सोडून गेलेल्या लेकीचं चार वर्षांत एकच पत्र आलं होतं. तेही हिनेच वाचलं होतं. ते मावशीच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात असायचं, आणि त्यातलं एक वाक्य ती रोज झोपताना मनात म्हणायची.

तिने पत्र काढलं आणि काकांपुढे धरलं. आता लाज कसली राहिली होती? "वाचा. आहे तेच वाचा."

काकांनी हात पुसले. "'मी बरी आहे. इथे यायचं नाही. माझं उरलेलं सामान कुणालाही देऊन टाक.' खाली सही."

"आणि 'आई, तुझी फार आठवण येते'? ते कुठाय?"

काकांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता. मग त्यांनी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस भला होता बिचारा.

"आहे की," ते घाईघाईने म्हणाले. "हे काय, इथं खाली. बारीक अक्षरात आहे."

मावशी वाकली. काकांचं बोट लेकीच्या सहीवर होतं. ती सही तेवढी तिला ओळखता यायची.