केरबाचा फिका गुलाल

केरबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "कोण बोलतंय?" हल्ली फोनवर कोण कुणाला मारेल याचा नेम नाही, जित्या माणसाच्या नावानं रडून पैसे मागणारे निघालेत. बाई म्हणाली, "मी सविता, त्यांची सून. जोतिबावरनं बोलतेय." मी म्हटलं, "सून असशील तर सांग, तुझा सासरा मला काय म्हणून हाक मारतो?" ती म्हणाली, "पावणं." तेव्हा मी खाटेवर बसलो. ओळख इतकी जुनी, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात आम्ही पंगती वाढल्या, पण हा माणूस अखेरपर्यंत मला पावणंच म्हणाला. झोपेतच गेला म्हणे. ते खरं असावं. जागा असता तर यमाशी वाद घातला असता.

मी कबनूरचा. सगळी उमर मागावर कापड विणण्यात गेली. शाळा चौथीपर्यंत, ती बी पुरती नाही. लिहिण्यात काही चुकलं असेल तर पेपरवाल्यांनी नीट करावं, पण माझं म्हणणं बदलू नये. चैत्रात आमची सासनकाठी जोतिबाच्या डोंगरावर जाते. उंच बांबू, त्याला कापड गुंडाळलेलं, चारी बाजूंनी पोरं दोऱ्या ताणून धरतात आणि मधला गडी ती पेलून नाचवतो. जवानीत मधला गडी मी असायचो. देवळाकडच्या पायऱ्यांवर केरबाचं दुकान होतं, नारळ, खोबरं, दवणा आणि गुलालाचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खोबऱ्याची वाटी मोडून वास घेतला. तो म्हणाला, "पावणं, देवाला वाहायचं हाय का सोयरीक जमवायची हाय?" मी म्हटलं, "खवट निघालं तर तुझ्याच टकुऱ्यात घालीन." तिथनं पुढं दरसाल त्याच्याकडंच गेलो. वास मात्र दरसाल घेतला.

काही सालांमागं गेलो तर दुकानात रंगच नाही. नेहमीचा गुलाल म्हणजे लांबनं डोळ्यात भरणारा, हाताला लागला की आठवडाभर न जाणारा. त्या जागी परातीत धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं काहीतरी फिकं. प्लास्टिकच्या पुड्या बंद, पानाच्या द्रोणात घालून देत होता. "ह्ये काय?" म्हटलं. "आरारूटाचं पीठ आन् बिटाचा रस. घरात केलंय." मी सरळ विचारलं, "कोण पैसं देतंय तुला?" तो हसला. म्हणाला, वळीव पडला की डोंगरावरचा गुलाल ओहोळानं खाली येतो, त्या पाण्याला माझी म्हैस तोंड लावत नाही. "आन् पावणं, गुलालासंगं उधळल्यालं खोबरं खाली पडतंय, ते माणसं उचलून खात्यात की. परसाद म्हणून. तुमी बी खातासा."

"इतकी वर्सं खाल्लं, मेलो व्हय?"

"त्येच तर बगतोय कवाधरनं," म्हणाला.

मला पटलं नाही. कुणी आपण होऊन गिऱ्हाईक तोडतो का? त्यात कुठल्याशा संस्थेची माणसं आली, फोटो काढले आणि 'प्लास्टिक टाळा' असा प्लास्टिकचाच फलक देऊन गेली. केरबानं तो गोवऱ्यांवर पांघरला, पण माझा संशय गेला नाही. शेजारच्या दुकानदारांनी उठवलं, हा गुलालात पीठ मिसळतो, देवाला फसवतो. गावोगावच्या काठ्या दुसरीकडं वळल्या. आमची पोरंसुद्धा म्हणाली, फोटोत दिसत नाही. पोतं तरी मी केरबाकडनंच उचललं. विश्वास होता म्हणून नव्हे. बाकीच्यांवर त्याहून कमी होता.

त्या साली उरलेला गुलाल घरी आणून कोनाड्यात ठेवला, तर मुंग्यांची ही रांग! मी फोन लावला, "साखर घातलीस काय रं?" माझा माल नासला आणि गडी तिकडं खूश. "मुंग्या? लई हायत? अवो, बिटाचा गोडवा त्यो. मुंगी खातीया म्हंजे माणसाला काय हुणार हाय?" मी असल्या बोलण्यावर जाणारा नाही. बाजारातला भडक गुलाल चिमूटभर आणला, अंगणात मुंग्यांच्या बिळापाशी दोन ढीग घातले आणि सावलीला बसून राहिलो. बायको म्हणाली, "म्हातारपणी मुंग्या राखा आता." दिवस कलेपर्यंत केरबाचा ढीग निम्मा झाला. भडक ढिगाला मुंग्या वळसा घालून जात होत्या... मी फोनवर सांगितलं, पण वर म्हटलंच, "मुंगीला काय कळतंय?" तो म्हणाला, "तुमास्नी कळंना म्हणूनच तिला इचारलंसा न्हवं?"

दहाव्याला डोंगरावर गेलतो. ज्यांनी त्याला भेसळवाला म्हटलं, तेच पुढं होऊन भाषण करत होते. त्यांच्यातल्याच एकानं केरबाचा फोटो छापून फलक लावला होता. मी जवळ जाऊन बघितलं, खाली लावणाऱ्याचं नाव केरबापेक्षा मोठं होतं. केरबाचा पोरगा नोकरीवाला. तो पाहुण्यांत बोलताना मी ऐकलं, "आता सगळे विकत्यात त्योच गुलाल ठेवायचा. आण्णांच्या मागं ही झंझट कोण करणार?" म्हणजे केरबा एकदा गेला तो गेला, आता त्याचा गुलालही जाणार. मला काय त्याचं, असं म्हणून मी एसटीत बसलो. पुढं कुणीतरी सांगितलं, सून तो गुलाल करते आहे. नवऱ्याशी भांडून करते आहे. ऐकीव गोष्टीवर माझा भरवसा नाही, म्हणून गेल्या आठवड्यात परत वर गेलो.

दुकानामागच्या खोलीत सविता चाळणी घेऊन बसलेली. कापडावर गुलाल पसरला होता. भिंतीवर हाताच्या उंचीला एक फिका लाल डाग, गुडघे दुखायचे म्हणून केरबा उठताना तिथं हात टेकायचा. खोली झाडलेली, डाग तेवढा तसाच. मी गुलाल चिमटीत घेतला, चोळला, हुंगला, जिभेला लावला.

ती म्हणाली, "तात्या, माझ्यावर इश्वास न्हाय व्हय तुमचा?"

"न्हाय."

"आण्णांच्यावर तरी हुता का?"

"त्याच्यावर बी न्हवता."

"मग एवढी वर्सं त्यांच्याकडनंच का नेत हुतासा?"

चाळणीत गुठळ्या राहिल्या होत्या, त्या बोटानं फोडत बसलो. बराच वेळ बसलो. उठायला गेलो तर गुडघा धरला, म्हणून हात टेकला, तो नेमका त्या डागावर.

"आमच्या काठीचं पोतं आदी भर," मी म्हटलं. "आन् तोंड शिवायच्या आदी मला दाखीव."