करंजीच्या घाटातली दहा मिनिटं

भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं… यातलं मला काही पटत नाही. आजही नाही. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस माझा थोरला भाऊ, दादा. आणि डिग्री घेणारा पहिला मी. बी. एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. त्याचा अभिमान आहे, कशाला लपवू? पण घडलं ते घडलं. जसंच्या तसं लिहितो.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल रेशनवर, रस्त्याला मोटार दिसायची मारामार. दादा पाथर्डी–नगर भाड्याची मोटार चालवायचा. कापडी टपाची जुनाट अमेरिकन गाडी होती, तिच्याच कमाईवर मी पुण्यात शिकलो. परीक्षा देऊन मे महिन्यात त्याच्याकडे आलो, तेव्हा गाडीला एक खोड लागली होती. रेसवरचा पाय उचलला की इंजिन बंद! पळायला झकास, पण स्लोला, म्हणजे रेस न देता जागच्या जागी, क्षणभर चालू राहत नव्हती. बॅटरी मेलेली. त्यामुळे दर वेळी एकाने पुढून हँडल मारायचं आणि दुसऱ्याने आत बसून रेस धरायची.

"दादा, मी बघतो. यात नुसतं फिजिक्स आहे," मी म्हणालो.

"बघ बाबा. खोललेलं सगळं परत बसव म्हंजे झालं."

प्लग पुसले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. फरक शून्य. मग मी शास्त्रीय पद्धत काढली. स्लोचं पेट्रोल ज्या बारीक जेटमधून येतं, त्यात आगकाडीचा तुकडा घट्ट ठोकला. वाट पूर्ण बंद केल्यावरही गाडी पहिल्यासारखीच वागली, तर दोष त्याच वाटेत आहे हे सिद्ध होणार होतं.

मी ऐटीत आत बसून रेस धरली आणि दादा हँडल मारायला लागला. त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता, कमरेला पट्टा बांधूनच तो सगळी कामं करायचा. हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या झटक्याला तो पोट धरून खाली बसला, तो उठलाच नाही.

डॉक्टरांनी हात लावून पाहिलं. "आतडं अडकलंय. संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे. नगरला न्या, लगेच."

काडी काढायची तर कार्बोरेटर पुन्हा खोलणं आलं, म्हणजे अर्धा तास गेला. पळत्या गाडीला स्लो लागत नाही, असा हिशेब केला आणि तसाच निघालो. दादाला मागच्या सीटवर आडवं केलं. स्टँडवरच्या चहावाल्या दामूअण्णांनी रेस धरली, मी हँडल मारलं, मग त्यांच्या पायाशेजारी पाय घुसवून जागा घेतली.

"मी येतो संगं," अण्णा म्हणाले. "वाटंत बंद पडली म्हंजे?"

"नको. एका माणसाचं वजन कमी, तेवढा घाट लवकर चढेल."

"लई शिकलास बाबा," म्हणत ते उतरले.

करंजीच्या घाटात निम्म्यावर पाणी उकळलं. रेडिएटरमधून वाफेचा लोट… पुढचा रस्ता दिसेना. तसंच दामटलं तर इंजिन जाम होणार. थांबून पाणी घालावं तर पाय उचलावा लागणार, इंजिन मरणार, आणि मग एकटा मी काय करणार? पेडलवर दगड ठेवायचा होता, असं वाचणारा म्हणेल. मलाही सुचलं होतं. पण दगड आणायला उतरावं लागतं ना! दुपारचं ऊन, वर-खाली कुठे माणूस नाही. मागून दादाचं कण्हणं येत होतं, तेही थांबलं.

गिअर काढला, हँडब्रेक ओढला. पाय उचलला. डोळे मिटले.

इंजिन चालूच होतं.

धडधड नाही, आचके नाहीत. शिवणाचं मशीन चालावं तसं संथ, एकसारखं. पेडलकडे पाहिलं… अर्धं बोट खाली दबलेलं होतं. मी बुटाचं टोक खाली घालून ते वर उचलायला गेलो, उचलेना. मी जास्त ओढाताण केली नाही. पाण्याचा डबा घेऊन उतरलो, वाफ ओसरू दिली, धार बारीक धरून पाणी घातलं. मनगटावरच्या घड्याळात पुरती दहा मिनिटं. परत बसलो, पाय ठेवला, तर पेडल नेहमीसारखं मोकळं!

नगरला दवाखान्याच्या आवारात पाय उचलला आणि गाडी जागच्या जागी मेली.

ऑपरेशन झालं. "तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं," सर्जन म्हणाले. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. इतकं हलकं मला पुढे डिग्री मिळाल्यावरही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचे उस्ताद, नगरचे बशीरभाई मिस्त्री आले. त्यांनी जेट काढून उन्हात धरला. काडी आत जशीच्या तशी.

"ग्रॅज्युएट, हे कुणी केलं? आमी तर स्लोची वाट उघडी ठेवतो बाबा!" खरा दोष त्यांनी पाच मिनिटांत काढला. कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीचं, मॅनिफोल्डचं पॅकिंग फाटून तिथून हवा खेचली जात होती. पेडलचं मी विचारलं. त्यांनी स्प्रिंग, दांडा, बिजागरी सगळं तपासलं. "कुठं अडकत न्हाई. अडकायला जागाच न्हाई," ते म्हणाले.

मी पुढे गाडी तापवून, चढावर उभी करून, नाना तऱ्हांनी करून पाहिलं. पेडल एकदाही दबून राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादा नीट शुद्धीवर आला. घाटाचं मी त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"बाळू, पोटाचं काय न्हाई रे," तो म्हणाला. "पर ह्यो उजवा पाय लई भरून आलाय. तू पानी घालत हुतास तवर धरून बसलो… किती येळ लावलास!"

डॉक्टर म्हणाले, पोटाची कळ कधीकधी पायात उतरते. असेल. मी बी. एस्सी. आहे, मला यापेक्षा बरं उत्तर यायला हवं होतं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि त्याचा पाय चेपायला घेतला.