पिकल चुकचुकला तो शनिवार

"फोन लाव! जोशींना फोन लाव आधी!" आई ओरडत होती. हातात लाटणं, कपाळावर पीठ. मी सिरियलचा बाऊल धरलेला पुतळा, बायको मेधा दुसरा पुतळा, आणि पिंजऱ्यात पिकल... काळाकुट्ट.

थांबा, नीट सांगतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावास्येला गृहप्रवेश केलेला माणूस आहे मी! डब्लिन, ओहायो, साल २००६. पिकल म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या रियाचा कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. त्याला पिंजऱ्यात दोन दिवे, खोटं जंगल, दर तासाला आपोआप पाऊस — मला ऑफिसात साधी खिडकी नाही. डोळे असे, की एक ओहायोत तर दुसरा इंडियानात.

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. बाबा विमानाला घाबरतात, म्हणून तिकडेच, एकटे. आईच्या लेखी पिकल म्हणजे पाल. कोणी बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, मग बोटाने टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणायचं. ती रोज त्याच्याकडे कान लावून बसायची. रिया वैतागायची, "आजी, ही इज नॉट अ पाल! ही कान्ट इव्हन टॉक!"

खरंच होतं. फार तर फुसफुसेल, असं त्याच्या डॉक्टरने सांगितलेलं.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सातला, नेहमीसारखा बाबांना स्पीकरवर फोन लावला. "मी ठणठणीत आहे. ठेवतो," एवढं बोलून त्यांनी फोन कट केला. एरवी सांगलीचं हवामान सांगितल्याशिवाय न सोडणारा माणूस!

आईचं लाटणं थांबलं. "काहीतरी लपवतायत. पडलेत ते."

चुक् चुक् चुक्.

आवाज पिंजऱ्यातून आला. हिरवागार पिकल आमच्या देखत शेपटीपासून काळा होत गेला. तोंड उघडं, आणि दोन्ही डोळे — आयुष्यात पहिल्यांदा — एकाच जागी. बंद फोनवर.

रियाच्या हातातला चमचा पडला. आईने बोट टेकवलं नाही, की कृष्ण म्हटलं नाही. ती ओरडायलाच लागली.

मी सांगलीच्या घराशेजारच्या जोशीकाकांना फोन लावला. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली असते. "अरे, दुपारी तर भेटलो त्यांना," काका हसत म्हणाले, "बघतो हं." मग पंचवीस मिनिटं. तव्यावरची पोळी करपून कोळसा झाली, स्मोक अलार्म बोंबलला, तरी आई जागची हलली नाही. पिकलही नाही.

फोन वाजला. काका हसत नव्हते. "स्वयंपाकघरात पडलेत. खुब्याचं हाड गेलंय बहुतेक. मोबाइल खिशात होता, तरी कुणाला कळवलं नाही. तिची ट्रिप बिघडेल म्हणे!"

रात्रभर तसेच राहिले असते तर अवघड होतं, असं हॉस्पिटलात सांगितलं. चार दिवसांत आईला विमानात बसवलं. पिकल तासाभरात पुन्हा हिरवा झाला होता. त्यानंतर दोन वर्षं जगला, पण चकार शब्द नाही. त्याच्या डॉक्टरला विचारलं, इंटरनेट उपसलं... उत्तर नाही.

ऑपरेशननंतर बाबांना फोनवर सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. वाटलं, उडतील.

"हं," बाबा म्हणाले. "तुमचा फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर पडून म्हटलं, आता हिला कळणार. इथलीपण चुकचुकली."