रिकामं पायडल

अंबडला आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी काम करताना सतत पाय डुलवायची. टेबलाखाली तिने एक लाकडी फळी ठेवलेली, खालून गोलसर, पाय ठेवला की पुढेमागे झुलणारी. ऑनलाइन मागवलेली. बसल्या जागी पाय हलता राहिला की डोकं कामात राहतं, असं तिचं म्हणणं. पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचं ते. बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते, हे माझ्या आईने मला शिकवलं आणि मी माझ्या मुलीला. ही बया मात्र खुशाल झुलत बसायची, आणि तिच्या कागदांत चूक म्हणून सापडायची नाही.

चुका माझ्याच निघायला लागल्या होत्या. कारखान्यातून माल बाहेर पडण्याआधी त्याचे कागद तपासायचे, हे माझं काम. बावीस वर्षं तेच करतेय. पण पन्नाशी उलटली आणि चित्त म्हणून थाऱ्यावर राहीना. एक ओळ तीनदा वाचायची आणि मनात चाललंय, रात्री भाजी कुठली करू. एका आठवड्यात साहेबांनी दोनदा कागद परत पाठवले, तेही सगळ्यांदेखत. शेजारच्या मुलीने फळी पायानेच माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, आजच्या दिवस वापरून तर बघा."

नाक मुरडतच पाय ठेवला. तासाभरात अर्धा गठ्ठा संपला. मन कुठे गेलंच नाही. गंमत म्हणजे माझ्या पायाला ती चाल ओळखीची होती. टाच दाबायची, मग चवडा दाबायचा. कुठली ओळख, ते चहाच्या सुट्टीत कळलं.

आमच्याकडे माझ्या आईचं पायाचं शिलाई मशीन होतं, लग्नाआधी मीही त्यावर शिवायचे. पुढे शिवायला कुणाला वेळ राहिला नाही, पट्टा कधीच तुटलेला, वर कपड्यांचा ढीग. माझी मुलगी तिसरी-चौथीत असल्यापासून तो ढीग बाजूला सारून त्या मशीनवर वही ठेवून अभ्यासाला बसायची. खाली दोन्ही पाय पायडलवर, खटखट, खटखट. गणितं धडाधड सोडवायची. नववीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांतून खाली आली नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, पोरगी हुशार आहे, पण हे पायाचं वेड कुठून आलं कोण जाणे.

रिकामी कात्री चालवू नये, रिकामा पाळणा हलवू नये, पाय हलवू नये. त्यात रिकामं मशीन चालवू नये ही आमच्या घरची भर. नववीच्या सुट्टीत मी ते मशीन पंचवटीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. म्हटलं, दहावीचं वर्ष आहे, आता पोरखेळ पुरे. मुलीला खाली पाटावर मांडी घालून बसवलं. शेजारी मी भाजी निवडत. तिचा गुडघा हलला की माझी चापट बसायची. फार जोरात नाही मारायचे, पण चुकायची नाही एकही. वर्षभर.

मांडी हलायची थांबली. पोरगी पुस्तकाकडे बघत तासन् तास बसायची, आणि विचारलं तर एक अक्षर सांगता यायचं नाही. दहावीला गणितात जेमतेम सुटली. मी काय म्हटलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुला बसायचं कामच जमणार नाही कधी." तिने सायन्स घेतलं नाही. नंतर कशातच रमली नाही. आता दिंडोरीजवळच्या एका वायनरीत आलेल्या पाहुण्यांना द्राक्षमळा आणि कारखाना फिरून दाखवते. दिवसभर उभी. पायांना सूज येते, पण काम आवडतं म्हणते. मी आपलं समाधान मानून घेतलं होतं, चला, कुठेतरी लागली.

रविवारी मी न कळवता तिकडे गेले. तिची जेवायची सुट्टी होती. तिथल्या हॉटेलात हल्ली फॅशन आहे तशी टेबलं, वर जाड फळी आणि खाली जुन्या शिलाई मशीनचे लोखंडी पाय, पायडलसकट. ती कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच डबा खात होती आणि खाली पायडल हलत होतं. मी काही वेळ दारातच उभी राहिले.

समोर बसून सगळं सांगितलं. ऑफिसातली फळी, साहेबांचं बोलणं, गठ्ठा. "माझं चुकलं गं," म्हणाले. "तू पाय हलवून अभ्यास करत होतीस. मी तुझा अभ्यासच बंद केला." डोळ्यांतलं पाणी मी पदराने पुसलं, ती मात्र रडली नाही. पोळीचा घास मोडत म्हणाली, "मला वाटायचं, आई, माझ्यातच काहीतरी खोट आहे. सगळे बसतात, मलाच बसता येत नाही. म्हणून तर उभं राहायचं काम शोधलं."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला कळायला माझी स्वतःची नोकरी डळमळावी लागली, आणि तोवर तिची अकरा वर्षं निघून गेलेली.

मग तीच हसली. म्हणाली, "जाऊ दे, जेव थोडं," आणि डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली. पाहुण्यांच्या गमती सांगायला लागली. कुणी वाइनमध्ये साखर मागतं, कुणी घरी न्यायला द्राक्षं. बोलता बोलता तिचा पाय पुन्हा चालू झाला. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलकेच हिंदकळत होतं. मला बरं वाटलं. वाटलं, झालं, सुटलं सगळं.

पाण्याचा ग्लास तिच्या बाजूला होता. तो घ्यायला मी हात पुढे केला.

तिचा गुडघा एकदम बाजूला झाला आणि पायडल थांबलं. सव्वीस वर्षांची माझी मुलगी, बोलणं तसंच चालू, तिला स्वतःला कळलंही नाही. मी ग्लास न उचलता हात मागे घेतला. "चालू दे गं पाय," म्हटलं.

"हो," म्हणाली. पण मी असेपर्यंत तो काही पुन्हा हलला नाही.