हिरवी खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज ज्यांच्या शेजारी जेवायला बसतो त्या वडिलांना नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी मंचरचा. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. मोबाइलचं ॲप लोकांच्या हाती जाण्याआधी ते नीट चालतं का, हे तपासायचं. आम्ही प्रोग्राम लिहितो, तो ॲपची बटणं आपोआप दाबत राहतो आणि निकाल देतो. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. साधं काम वाटतं ना? मलाही वाटायचं.

आमच्याकडे एका संस्थेचं ॲप आलं, आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी. कुणा बाईला कळा सुरू झाल्या की संस्थेच्या सेविकेने एक बटण दाबायचं. खाली डिंभ्याला उभ्या असलेल्या जीपवाल्याला निरोप जाणार. रेंज नसेल तर निरोप फोनमध्येच थांबणार आणि रेंज आली की आपोआप सुटणार. निरोप गेला की पडद्यावर हिरवी खूण.

हे तपासायच्या दोन पद्धती होत्या. एक म्हणजे कॉम्प्युटरवरच नकली फोन उभे करायचे, त्यांची रेंज आपणच घालवायची, आपणच आणायची. दुसरी — खरे फोन पिशवीत घालून घाट चढायचा आणि तिथल्या लहरी रेंजवर तेच प्रोग्राम चालवायचे. दोन्हींची तुलना करून कुठली पुरेशी आहे, हे मी सांगायचं होतं. पण मी ते आधीच सांगून बसलो होतो. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, जरा ऐटीत — नकली फोन पुरेत, घाटात जायची गरजच नाही. आमच्या टीमच्या मॅडमनी मान डोलावली होती. तुलना आपली नावापुरती.

तरी आहुप्याच्या रस्त्याला जाऊन आलो. नकली फोनवर सगळं हिरवं होतं. खऱ्या फोनवर लाल आलं. नेहमी नाही — रेंजची एक काडी यायची आणि लगेच जायची, तेव्हाच. ॲप हिरवी खूण दाखवायचं, आणि निरोप हरवायचा. थांबून राहायचा नाही, मागाहून जायचा नाही. नुसता हरवायचा.

मी काय केलं? प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. टेस्ट नापास झाली तर परत चालव. परत नापास, परत चालव. एकदा कधी पास झाली की पास धर. आमच्या कामात असं बरेच जण करतात — नाही, हे वाक्य मागे घेतो. मी ते माझा शब्द खाली पडू नये म्हणून केलं. घाट उतरून घोडेगावात मिसळ खाल्ली, तीही चवीने. मग दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच आहे, असं कळवून टाकलं.

ॲप वाड्यांवर गेलं.

पावसाळा सरता सरता आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत सुरेखा नावाच्या पोरीला सकाळी कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. तिथल्या सेविका चिमाबाई, सुरेखाच्या सासूच्या शेजारीण. त्यांनी बटण दाबलं आणि सगळ्या बाया जीपची वाट बघत बसल्या. जीप आलीच नाही. शेवटी माणसांनी सुरेखाला झोळीत घालून रस्त्यावर आणलं, मिळेल त्या टेम्पोतून घोडेगावला नेलं. सुरेखा वाचली. बाळ गेलं.

संस्थेने मंचरला बैठक घेतली. चिमाबाई, जीपवाला आणि मी. जीपवाल्याने आपला फोनच पुढे केला — निरोप आला नव्हता. चिमाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

"मी दाबलं व्हतं, भाऊ," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. बाकी कुणाकडे नाही. मी ॲपवाला होतो ना. "हिरवी खूण आली व्हती. म्हनून तर आमी बसून राह्यलो. न्हाईतर कवाच उचलून आनली असती तिला."

संस्थेच्या साहेबांनी मला विचारलं, "असं होऊ शकतं का?"

किती सोपा प्रश्न होता. हो म्हणायचं होतं फक्त.

"टेस्टमध्ये तर कधी झालं नाही," मी म्हणालो. "घाईत बटण नीट दाबलं गेलं नसेल."

आवाजही कापला नाही माझा. चिमाबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. त्यांच्याकडचा फोन काढून घेतला, त्यांच्या जागी दुसरी बाई आली. पुढच्या अपडेटमध्ये मी तो दोष ॲप बनवणाऱ्यांकडून गुपचूप काढून घेतला. किरकोळ सुधारणा, असं म्हणालो. किरकोळ!

परवा मंचरच्या एसटी स्टँडवर त्या भेटल्या. मी नजर चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली. घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "सुरेखाची सासू अजून बोलत न्हाई माझ्याशी. तिचं बरुबरच हाय. मी लई इचार केला, भाऊ. तुमी म्हनला तेच खरं. हात कापत व्हता माझा, नसंल नीट दाबलं. खूण दिसली असं वाटलंच असंल नुसतं."

त्यांची गाडी अजून लागायची होती. वेळ भरपूर होता. स्टँडवर ओळखीचंही कुणी नव्हतं. मी म्हणालो, "जाऊ द्या मावशी. होतं असं."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. गाडी आली तेव्हा त्यांची पिशवी मीच वर दिली.

चिमाबाईंनी बटण नीट दाबलं होतं. त्यांना खूण दिसली होती. मला हे बैठकीत माहीत होतं, परवाही माहीत होतं, आणि परवाही मी त्यांना तसंच जाऊ दिलं.