केळी थांबत नाहीत ते गाव

धरणगावात आमचं बिऱ्हाड जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. हंगाम सुरू झाला की कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत राहायचे. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे, झाकायला विसरलं तर ताकावरही. आम्हा मोठ्यांचं शिंकण्यावर भागायचं, पण मुलीला श्वासच पुरायचा नाही. चार वर्षांची पोर उशीला टेकून बसायची, गळ्याजवळचा खळगा आत-बाहेर व्हायचा, आणि मी त्या खळग्याकडे बघत बसायचे. तेवढ्या वेळात मी किती देवांना वेठीला धरलं असेल ते देवच जाणोत.

डॉक्टर म्हणाले, "हिला या हवेतून काढा. खेड्यात जा. पण असं खेडं बघा, की दमा उठला तर तासाभरात डॉक्टर गाठता येईल." असं खेडं कुठे मिळतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

हे शाळेत शिकवायचे. संस्थेच्या शाळा जिल्ह्यात ठिकठिकाणी होत्या, बदली मागितली तर मिळण्यासारखी होती. ह्यांचं मन लगेच चोपड्याच्या वरच्या अंगाला धावलं. सातपुड्याच्या पायथ्याशी घर, दारात नदी, आणि काय काय. म्हणून एका रविवारी आम्ही तिकडचं एक गाव बघायला गेलो. धुळ्याकडून माझे वडील, आबा, आले होते, तेही बरोबर निघाले.

सातपुडा मी आयुष्यभर लांबून, निळ्या रेघेएवढा पाहिलेला. त्या दिवशी तो समोर उभा होता आणि त्याचा माथा बघायला मान मागे टाकावी लागत होती. हवा इतकी स्वच्छ की लांबच्या झाडाचं पानन्‌पान दिसत होतं. मी गप्प झाले. मी गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते, त्यामुळे ह्यांना वाटलं की काम झालं. आबांनी तेवढ्यात गावात चौकशी करून घेतली. एस.टी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, डॉक्टर थेट चोपड्याला. परत येऊन ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बठ्ठं शे आठे, डॉक्टर सोडीसन." म्हणजे सगळं आहे इथे, एक डॉक्टर सोडून.

हे चोपड्याच्या स्टँडवर उसाचा रस पितानाही माझ्याशी बोलले नाहीत. जणू डॉक्टरला मीच तिथून हाकलून दिलं होतं.

मग आम्ही सावद्याच्या बाजूला गेलो. मे महिना होता, डोळे उघडवत नव्हते. गावाच्या अलीकडे केळीची बाग लागली आणि पायवाटेनं आम्ही आत शिरलो, तसं ऊन बाहेरच राहिलं. डोक्यावर हिरवं छत, पायाखाली ओल, आणि इतका गारवा की अंगावर काटा आला. खानदेशात मे महिन्यात असं काही असू शकतं, यावर माझा विश्वास बसेना. पोर पुढे धावत सुटली. पळून थांबली, तिनं एक लांब श्वास घेतला आणि परत पळाली. मला तिथेच रडू फुटलं.

पण बागेला भुलून घर घेणारी मी नव्हे. ज्यांच्या घराच्या दोन खोल्या भाड्यानं मिळणार होत्या, त्या अक्कांना मी पहिला प्रश्न एस.टी.चाच विचारला. अक्का एकट्या राहायच्या आणि स्वतःची बाग स्वतः बघायच्या. म्हणाल्या, "येष्टी कधी येते, कधी नही. पन केयी थांबत नही, बाई."

त्यांचं म्हणणं मला तिथे उभ्या उभ्या पटलं. कापूस घरात महिनोन्‌महिने पडून राहतो. केळीचा घड एकदा उतरवला की त्याला ट्रक गाठायचा असतो आणि सावद्याच्या स्टेशनावरची वॅगन गाठायची असते. म्हणून पावसाळ्याआधी हे गाव कुणाची वाट न बघता डांबरी सडकेपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर स्वतः मुरूम टाकायचं. जिथून रोज केळी बाहेर जातात तिथून माझी मुलगी का जाणार नाही? गाव ठरलं, ह्यांना सावद्याच्या शाळेत बदलीही मिळाली. माझ्या या हिशेबाचं मी येईल त्या पाहुण्याला कौतुक ऐकवायचे. ह्यांना तर ते पाठच झालं.

आणि हिशेब खराही निघाला. मुलीचा दमा पुष्कळ कमी झाला. दोनदा उठला, तेव्हा घडांनी भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये तिला मांडीवर घेऊन मी सावद्याचा दवाखाना गाठला. रोज सकाळी ट्रकचा आवाज आला की मला आतून निर्धास्त वाटायचं.

मग श्रावणात पावसानं झड लावली. त्यातच वॅगनी आल्या नाहीत म्हणून गावानं माल कापणं थांबवलं. ट्रक येईनासे झाले. मुरूम वाहून गेला, तरी नवा टाकण्याची कुणाला घाई नव्हती. हे आदल्या दिवसापासून सावद्यात अडकलेले. आणि त्या सकाळी मुलीला दम लागला. घरातलं औषध देऊन झालं. ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा मी तिला उचललं आणि ओट्यावर आले. केळी थांबत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर मी हे गाव घेतलं होतं, आणि केळी थांबली होती.

अक्कांनी पोरीकडे एकदा पाहिलं आणि शेजारच्या भाऊंना ट्रॅक्टर काढायला सांगितला. ट्रॉलीत गोणपाट अंथरलं, वर ताडपत्री धरली. गावाबाहेर आलो आणि अक्कांच्या बागेपाशी चाकं काळ्या चिखलात रुतली. भाऊंनी पुढे घेऊन पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. चाकं आणखी खाली गेली. मी पोरीला छातीशी धरून बसले होते, तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

अक्का खाली उतरल्या. भाऊंकडचा कोयता घेऊन बागेत शिरल्या आणि रस्त्याकडेचं पहिलं झाड त्यांनी तोडलं. मग दुसरं. निसवलेली झाडं होती ती, कोवळे घड लागलेली. वर्षभर पाणी देऊन, खत देऊन वाढवलेली. "खांब टाका चाकाखाले," एवढंच त्या म्हणाल्या. मागून चारपाच माणसं आली. कुणी काही विचारलं नाही. एक जण तोडत होता, बाकीचे खांब ओढून चिखलात आडवे मांडत होते. ट्रॅक्टर त्यांवरून गेला की मागचे खांब उचलून पुन्हा पुढे. रस्त्याकडेची अख्खी ओळ आडवी झाली. घड चिखलात तसेच पडले होते आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. सातपुड्यापुढे झाले होते तशी मी तेव्हा गप्प झाले.

डांबरी सडक लागली. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, आणि दुपारी पोरीनं खायला मागितलं.

पाऊस ओसरल्यावर आम्ही परतलो. बागेच्या कडेला बुंधे उभे होते, कापल्या जागी पाणी पाझरत होतं. अक्का तिथेच चर काढत होत्या. "अक्का, तुमची बाग..." मी म्हणाले.

"बुडाशी पीलं हायेत. येतीन वर," त्या म्हणाल्या, बुंध्याशी फुटलेल्या कोंबांकडे बोट केलं आणि पुन्हा चर काढायला लागल्या.

हे फार घाबरले होते. रात्री जेवताना म्हणाले, "तुझंच खरं होतं, डॉक्टर हाताशी हवा. आपण सावद्यातच खोली बघू, दवाखान्याच्या शेजारी. आणखी जवळ."

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. म्हटलं, "आता याहून जवळ कुठे जायचं?"